काचेखालचं पाणी: सिल्व्हर स्प्रिंग्जचा झरा, नदी आणि उद्यान

नद्यांच्या काठचा इतिहास हा आपला विषय आहे, आणि आज आपण जरा लांब जाणार आहोत. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, अगदी मधोमध, ओकाला नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी सिल्व्हर स्प्रिंग्ज हा गोड्या पाण्याचा नैसर्गिक झरा आहे. त्या झऱ्यातून निघणारी सिल्व्हर नदी जेमतेम पाच मैलांची, म्हणजे आठ किलोमीटरची. पुढे ती ऑक्लावाहा नदीला मिळते, ऑक्लावाहा उत्तरेला वाहत सेंट जॉन्स नदीला मिळते आणि सेंट जॉन्स जॅक्सनव्हिलपाशी अटलांटिकला. झरा आणि नदी मिळून आज एक राज्य उद्यान आहे. तिकीट काढायचं, काचेच्या तळाच्या होडीत बसायचं, खाली बघायचं. आम्ही गेलो तेव्हा तेच केलं. पण व्याख्यानाचा विषय होडीची सहल नाही. काचेतून तळ इतका स्वच्छ दिसतो की इथे लपण्यासारखं काही नाही असं वाटतं, आणि ह्या जागेच्या इतिहासात मात्र बरंच काही नजरेआड ठेवलेलं आहे. त्याबद्दल बोलू.

आधी झरा म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण झरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगळं चित्र येतं. सह्याद्रीतला झरा म्हणजे कड्याच्या पोटातून पाझरणारी धार, खाली बांधलेलं कुंड, वर एखादं गोमुख. आपला खडक बेसॉल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. भेगाळलेल्या, सच्छिद्र थरात पाणी मुरतं, खालच्या घट्ट थराशी अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. साठा लहान. म्हणून पावसाळ्यात धो धो आणि एप्रिल-मे आला की कित्येक झरे आटतात.

फ्लोरिडाचं सगळंच उलटं. तिथे डोंगर नाही. जमिनीखाली चुनखडी आहे, उथळ समुद्राच्या तळाशी शंखशिंपल्यांच्या गाळापासून बनलेली, कोट्यवधी वर्षांपूर्वीची. पावसाचं पाणी किंचित आम्ल असतं, ते चुनखडी विरघळवत जातं. भेगेची फट होते, फटीची नळी, नळीची गुहा. असा जमिनीखाली प्रचंड जलसाठा तयार झाला आहे आणि जिथे दाबामुळे पाण्याला वर यायला तोंड सापडतं, तिथे झरा. सिल्व्हर स्प्रिंग्जच्या मुख्य तोंडाला 'मॅमथ स्प्रिंग' म्हणतात. पाण्याचं तापमान बारा महिने साधारण २२ अंश सेल्सिअस.

किती पाणी? जाहिरातीत आणि माहितीपुस्तिकांत वर्षानुवर्षं छापला गेलेला आकडा दिवसाला ५५ कोटी गॅलनचा आहे. लिटरमध्ये सुमारे २०८ कोटी. आपल्याला टँकरचा हिशेब पटकन कळतो, म्हणून तसं सांगतो: दहा हजार लिटरचे दोन लाखांहून जास्त टँकर, रोज. दर सेकंदाला दोन टँकर भरून तिसरा अर्धा व्हावा इतकं. म्हणजे हा झरा नाही, उगमालाच पूर्ण वाढ झालेली नदी आहे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो जुना आहे.

अशा पाण्याजवळ माणूस राहिला नसता तरच नवल. नदीच्या तळातून मॅमथची हाडं निघाली आहेत. १९७३ मध्ये तिथे पाण्याखाली उत्खननही झालं. पुढच्या काळात ह्या भागात टिमुक्वा भाषा बोलणारे लोक होते. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतोची स्पॅनिश मोहीम ह्याच पट्ट्यातून गेली, ओकाले नावाच्या प्रांतातून. आजचं ओकाला हे नाव तिथूनच आलं. मोहिमेला सोनं हवं होतं. ते मिळालं नाही. मक्याची कोठारं मात्र मिळाली आणि ती लुटली गेली. रोगराई, युद्धं आणि गुलामीसाठी झालेल्या धाडी ह्यांत पुढच्या दोनशे वर्षांत टिमुक्वा लोक जवळजवळ संपले. रिकाम्या झालेल्या प्रदेशात उत्तरेकडून क्रीक आणि इतर गटांचे लोक उतरले. गुलामीतून पळून आलेले काळे लोकही त्यांच्या आसऱ्याला आले. ह्या सगळ्यांतून सेमिनोल हा समाज घडला.

१८२३ च्या मूल्ट्री क्रीकच्या तहाने सेमिनोल लोकांना फ्लोरिडाच्या मधल्या भागात ढकललं गेलं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला झऱ्याच्या जवळच १८२७ मध्ये फोर्ट किंग ही लष्करी ठाणी उभी राहिली. पुढे १८३२ मध्ये पेन्स लँडिंगचा तह झाला. हे ठिकाण ऑक्लावाहाच्या काठावरच आहे. ह्या तहाचा अर्थ सरकारच्या मते असा की सगळ्या सेमिनोलांनी मिसिसिपीच्या पलीकडे निघून जायचं. सेमिनोल पुढाऱ्यांच्या मते असा अर्थ नव्हताच. वाइली थॉम्पसन हा सरकारी एजंट होता. त्याने ऑसिओला ह्या तरुण योद्ध्याला बेड्या घालून कोठडीत टाकलं होतं. २८ डिसेंबर १८३५ ला ऑसिओला आणि त्याच्या साथीदारांनी फोर्ट किंगच्या बाहेर थॉम्पसनला ठार केलं. त्याच दिवशी फोर्ट किंगकडे निघालेल्या मेजर डेडच्या शंभरावर सैनिकांच्या तुकडीवर वाटेत हल्ला झाला आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. दुसरं सेमिनोल युद्ध सुरू झालं ते असं. ते १८४२ पर्यंत चाललं. ऑसिओलाला १८३७ मध्ये वाटाघाटींच्या पांढऱ्या निशाणाखाली पकडलं गेलं आणि तीन महिन्यांत तो कैदेत वारला.

युद्ध संपल्याबरोबर, त्याच वर्षी, 'सशस्त्र वस्ती कायदा' आला: जो गोरा माणूस बंदूक घेऊन इथे येईल, जमीन कसेल आणि राखेल, त्याला १६० एकर. झऱ्याच्या आसपासची मालकी बदलली ती ह्या क्रमाने. हा भाग आम्ही थोडक्यात सांगतो आहोत, पण उद्यानात तो ह्याहून थोडक्यात सांगितला जातो. होडीवर जास्त वेळ मिळतो तो 'ब्रायडल चेंबर'ला, म्हणजे एका खोल विवराला. तिथे दोन प्रेमिकांनी जीव दिल्याची करुण गोष्ट सांगतात. ती गोष्ट पर्यटकांसाठी रचलेली आहे. तिच्यातून जुन्या रहिवाशांबद्दल काही कळत नाही, एकोणिसाव्या शतकातल्या पर्यटकांना काय ऐकायला आवडायचं ते मात्र नीट कळतं. आपल्याकडेही प्रत्येक घाटात एक उडी मारण्याचं टोक आणि त्याची एक गोष्ट असते, त्यातलाच प्रकार.

आता पर्यटनाकडे येऊ. इथे रस्ता नव्हता, पण पाणी होतं. हबर्ड हार्ट नावाचा माणूस आधी पलाटका गावातून टपालगाड्या चालवायचा. १८६० च्या सुमारास त्याने ऑक्लावाहावर वाफेच्या बोटी आणल्या. नदी अरुंद आणि नागमोडी, दोन्ही बाजूंनी सायप्रसची झाडं वर येऊन भिडलेली. म्हणून बोटीही तशाच बनवल्या: अरुंद, उंच, आणि चाक मागच्या बाजूला पोटात दडवलेलं, म्हणजे फांद्यांत अडकायला नको. दिसायला धड बोट नाही आणि धड घर नाही. रात्री छपरावर पाइनच्या राळेच्या गाठी पेटवायच्या. त्या उजेडात वरची झाडांची कमान लाल दिसायची आणि काठावर मगरींचे डोळे चमकायचे. पहाटे काळ्या, चहासारख्या पाण्यातून बोट वळायची आणि एकदम तळ दिसणाऱ्या पाण्यात शिरायची. प्रवासी हरखून जायचे, ते ह्या बदलामुळे. 'अंकल टॉम्स केबिन'ची लेखिका हॅरिएट बीचर स्टो युद्धानंतर सेंट जॉन्सच्या काठावर राहायची. तिने १८७३ मध्ये ही सफर केली आणि तिच्याबद्दल लिहिलं. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट १८८० मध्ये येऊन गेले. फ्लोरिडा म्हणजे सुट्टी घालवण्याची जागा, हा आज जगभर रूढ असलेला समज पसरवण्यात ह्या नदीचा वाटा मोठा आहे. डिस्नीचं तेव्हा नावही नव्हतं.

काचेच्या तळाची होडीही ह्याच काळातली, १८७८ च्या सुमाराची. तिचं श्रेय हलम जोन्स आणि फिलिप मॉरेल ह्या दोन नावांना दिलं जातं. कोण आधी, ह्यावर तिथे अजून हिरिरीने बोलतात. कल्पना साधी आहे. पाणी कितीही नितळ असलं तरी वाऱ्याने पृष्ठभाग हलतो आणि प्रतिबिंब आडवं येतं. काच पाण्याला टेकली की हलणारा पृष्ठभागच मधून निघून जातो. १९०९ मध्ये एड कारमायकेल ह्याने झऱ्याभोवतीची जमीन विकत घेतली, आणि १९२४ पासून कार्ल रे आणि 'शॉर्टी' डेव्हिडसन ह्या दोघांनी ती चालवायला घेतली. त्यांनी झरा हा धंदा म्हणून उभा केला. ब्रूस मोझर्ट नावाचा छायाचित्रकार पाण्याखाली मुलींना बसवून फोटो काढायचा: पाण्यात चहा पिणं, पाण्यात स्वयंपाक, पाण्यात टाइपरायटर. हॉलिवूडही आलं. १९३९ चा एक टार्झनपट इथे चित्रित झाला आणि पन्नाशीच्या अखेरीस 'सी हंट' ही दूरचित्रवाणी मालिकाही.

आणि माकडं. ह्यात आपला धागा आहे म्हणून दोन मिनिटं थांबू. सिल्व्हर नदीच्या काठावरच्या झाडांवर आजही माकडं दिसतात. टार्झनच्या चित्रीकरणातून ती सुटली असं बरेच लोक सांगतात. ते खरं नाही. तीसच्या दशकात इथे जंगल-सफरीच्या होड्या चालवणारा एक गृहस्थ होता, कर्नल टूई. कर्नल हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे. त्याने धंद्याला रंगत यावी म्हणून नदीतल्या बेटावर सहाएक ऱ्हीसस माकडं आणून सोडली. बेटावरच राहतील असा हिशेब. ऱ्हीसस माकड उत्तम पोहतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. ती लगेच पोहून काठावर आली आणि वाढली.

ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतातलं माकड. परंपरेने त्याच्या मुलखाची दक्षिण सीमा पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी मानली जाते. त्याच्या खाली आपलं टोपीवालं माकड. रक्तगटातला 'आरएच' ह्याच ऱ्हीससचा. विसाव्या शतकात भारतातून ही माकडं प्रयोगशाळांसाठी मोठ्या प्रमाणात निर्यात व्हायची. १९७८ मध्ये भारताने ती निर्यात बंद केली. फ्लोरिडात १९८४ ते २०१२ ह्या काळात सुमारे हजार माकडं पकडून नेली गेली, तरी कळप संपला नाही. त्यांच्यातल्या काहींत माणसाला घातक ठरू शकणारा हर्पीस-बी विषाणू सापडला. २०१८ मध्ये राज्याने मोकळ्या माकडांना खाऊ घालण्यावर बंदी आणली. आपल्या देवस्थानांतून ती बंदी किती पाळली गेली असती, हा प्रश्न मनात आलाच.

आता ज्या भागासाठी हे व्याख्यान ठेवलं, त्याकडे येतो.

काचेच्या होड्या चालवणारे बहुतेक कप्तान काळे होते. पिढ्यान्‌पिढ्या. झऱ्याचं प्रत्येक विवर, प्रत्येक मासा त्यांना नावाने माहीत. जगभरच्या पर्यटकांना ते लयीत, अर्धं गात, अर्धं सांगत माहिती द्यायचे. आणि ह्याच कप्तानांच्या बायकामुलांना त्या झऱ्यावर पर्यटक म्हणून यायला मनाई होती. फ्लोरिडात वर्णभेद कायद्याने चालू होता. समुद्रकिनारे, पोहण्याच्या जागा, बागा, सगळं गोऱ्यांसाठी.

२० मे १९४९ ला नदीच्या खालच्या अंगाला, मुख्य झऱ्यापासून मैलभरावर, 'पॅरडाइज पार्क' उघडलं. काळ्या लोकांसाठी. मालक तेच, रे आणि डेव्हिडसन. व्यवस्थापक मात्र एडी लेरॉय व्हेरीन हा काळा गृहस्थ होता. तारीख मुद्दाम निवडलेली दिसते: २० मे १८६५ ला टॅलाहासीत गुलामी संपल्याची घोषणा वाचली गेली होती. फ्लोरिडातला काळा समाज तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो.

पार्कात काय होतं? वाळूचा किनारा, पोहायला जागा, काचेच्या होड्या, नाचायला मांडव, ज्यूकबॉक्स, खाण्याचं दुकान, दरवर्षी सौंदर्यस्पर्धा. चर्चच्या सहली, शाळांच्या सहली, बसगाड्या भरून, शेजारच्या राज्यांतूनसुद्धा. रस्त्यात पेट्रोल कुठे मिळेल, शौचालय वापरू देतील का, रात्र झाली तर काय, ह्याची धास्ती घेऊन प्रवास करणाऱ्या माणसांना दिवसभर पाय पसरून बसायला ही एक जागा होती. तिथे लहानपणी गेलेल्यांच्या आठवणी पुढे ल्यू व्हिकर्स आणि सिंथिया विल्सन-ग्रॅहम ह्यांनी गोळा केल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्या आठवणींत आनंद आहे, भरपूर आहे.

आता चित्र डोळ्यांपुढे आणा. एकच नदी. वरून गोऱ्यांच्या होड्या खाली येतात, खालून काळ्यांच्या होड्या वर जातात. वाटेत समोरासमोर येतात. दोन्ही होड्यांचे कप्तान काळे. दोन्ही होड्यांच्या काचेखालून जाणारं पाणी एकच. आणि गंमत म्हणावी की काय म्हणावं, ते पाणी गोऱ्यांच्या किनाऱ्यावरून वाहत काळ्यांच्या किनाऱ्याकडे जायचं, उलटं नाही. वर कोण आणि खाली कोण हे जागा ठरवतानाच ठरलं होतं.

महाराष्ट्रात बसून हे ऐकताना महाडचं चवदार तळं आठवल्याशिवाय राहत नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करणारा बोले ठराव केला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं, आणि तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. न्यायालयात निकाल लागायला १९३७ उजाडलं. दोन्हींची सरसकट तुलना करू नये. महाडला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा आणि माणूसपणाचा होता, मागणी त्याच तळ्यावर हक्काची होती. पॅरडाइज पार्क ही वेगळी पाणवठ्याची सोय होती, आणि मालकांना तिच्यातून पैसाही मिळत होता. महाडच्या लोकांना कुणी 'तुमच्यासाठी छान वेगळं तळं बांधून देतो' म्हटलं असतं, तर उत्तर काय मिळालं असतं ते आपल्याला माहीत आहे. पण म्हणून पॅरडाइज पार्कात हसलेल्या माणसांचं हसणं खोटं ठरत नाही. त्या काळच्या माणसांनी मिळालेल्या तुकड्यावर स्वतःचं काहीतरी उभं केलं, एवढं तरी मान्य करावं लागेल.

१९६४ चा नागरी हक्क कायदा झाला. १९६९ मध्ये पॅरडाइज पार्क बंद केलं गेलं. समारंभ नाही, निरोप नाही. बांधकाम काढून टाकलं आणि रान वाढलं. भेदभाव संपला ही चांगली गोष्ट, पण त्याबरोबर एका समाजाची स्वतःची जागा गेली आणि मोठ्या उद्यानाच्या इतिहासात तिचा उल्लेख कित्येक वर्षं कुठे नव्हता. काचेतून दिसत नाही म्हणालो ते हे.

ह्याच वर्षांत नदीवर दुसरं संकट आलेलं होतं. फ्लोरिडा हा समुद्रात घुसलेला लांब दांडा. त्याला वळसा न घालता जहाजांनी मधून जावं, अटलांटिक ते मेक्सिकोचं आखात, ही कल्पना फार जुनी आहे. १९३५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी दूरवरून बटण दाबलं आणि ओकालाजवळ सुरुंग उडवून जहाजांच्या कालव्याचं काम सुरू झालं. ओकालाच्या दक्षिणेला सँटोस नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. ती त्या खोदाईसाठी उठवली गेली. खोल कालवा चुनखडीतल्या जलसाठ्यालाच चिरेल आणि गोड्या पाण्यात समुद्र शिरेल, अशी ओरड झाली. पैसाही मिळेना. वर्षभरात काम थांबलं. वस्ती गेली ती गेली, आणि रस्त्याच्या मधोमध पुलाचे खांब आजही उभे आहेत, ज्यांच्यावर पूल कधी झालाच नाही.

१९४२ मध्ये काँग्रेसने कमी खोलीच्या, मालवाहू तराफ्यांच्या कालव्याला मंजुरी दिली. प्रत्यक्ष काम १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या हस्ते सुरू झालं. ह्या योजनेत ऑक्लावाहा नदी हाच कालव्याचा मार्ग होता. नदीकाठचं जंगल साफ करायला शेकडो टनांचं एक यंत्र आणलं, जे झाडं आडवी करून चिखलात दाबत जायचं. १९६८ मध्ये रॉडमन धरण पुरं झालं. मैलोन्‌मैल जंगल बुडालं, आणि त्याखाली वीसच्या आसपास झरे बुडाले. चिखलात दाबलेले ओंडके नंतर पाण्यावर तरंगून वर आले. इंजिनिअरांना ह्याची कल्पना नव्हती म्हणे.

मार्जोरी हॅरिस कार ही प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई. नवरा आर्ची कार हा कासवांचा जगप्रसिद्ध अभ्यासक. विरोधक तिला मिकनोपी गावची गृहिणी समजायचे आणि तिनेही तो समज मोडण्याची घाई केली नाही. १९६२ पासून तिने गेन्सव्हिलच्या पक्षीप्रेमी मंडळींना घेऊन कालव्याबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली. सुरुवातीचा प्रश्न एकच: ह्या नदीचं काय होणार आहे, ते कागदावर दाखवा. उत्तर मिळेना. मग १९६९ मध्ये शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, वकील ह्यांची संघटना उभी राहिली. त्यांचं वेगळेपण असं की घोषणांपेक्षा अहवालावर भर. कालव्याचे फायदे-तोटे सरकारच्याच पद्धतीने मांडून आकडे कसे फुगवले आहेत ते दाखवलं. जानेवारी १९७१ मध्ये न्यायालयाने कामाला मनाई केली आणि १९ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनी ते थांबवलं. पर्यावरणासाठी एवढी मोठी, अर्धवट झालेली सरकारी योजना थांबण्याचं अमेरिकेतलं हे फार सुरुवातीचं उदाहरण आहे. कालव्याच्या पट्ट्याला, आता तो हिरवा पट्टा आहे, १९९८ मध्ये मार्जोरी कारचं नाव दिलं गेलं. ती त्याच्या आदल्या वर्षी वारली होती.

आणि धरण? ते तसंच आहे. ज्या कालव्यासाठी बांधलं, तो झाला नाही. धरण उभं. मागच्या जलाशयात मासे पकडायला लोक येतात, त्यांचा तिथे धंदा आणि छंद आहे, ते पाडू देत नाहीत. पाडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की समुद्राकडून झऱ्यापर्यंत येणारे मासे आणि मॅनटी ह्या जलचर प्राण्यांची वाट धरणाने अडवली. सिल्व्हर स्प्रिंग्जमधल्या माशांची संख्या धरणानंतर फार घटली, हे अभ्यासांत दिसतं. आमचं मत विचाराल तर पाडणाऱ्यांची बाजू जड आहे. पण पन्नासहून जास्त वर्षं उभ्या असलेल्या जलाशयाभोवतीही माणसांचं आयुष्य तयार होतं, हे आपल्याला नवीन नाही.

माशांच्या घटीबद्दल इतकं खात्रीने बोलता येतं, कारण ह्या झऱ्याचं जुनं मोजमाप उपलब्ध आहे. पन्नासच्या दशकात हॉवर्ड ओडम ह्या शास्त्रज्ञाने इथे बसून मोजलं की सूर्याची किती ऊर्जा वनस्पती घेतात, त्यातली किती शाकाहारी प्राण्यांकडे जाते, किती मांसाहारींकडे. पाणी नितळ, तापमान स्थिर, प्रवाह स्थिर, म्हणजे निसर्गाने मांडलेली प्रयोगशाळाच. १९५७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वनस्पतींनी दर चौरस मीटरला वर्षाला २०,८१० किलोकॅलरी तयार केल्या, शाकाहारींपर्यंत ३,३६८ पोचल्या, मांसाहारींपर्यंत ३८३, सर्वांत वरच्या माशांपर्यंत २१. पर्यावरणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ऊर्जेचा मनोरा असतो ना, त्यातलं एक अगदी ठरलेलं उदाहरण ह्या झऱ्याचं आहे.

त्या मोजमापाशी आजचं ताडून बघितलं की काळजी वाटते. नैसर्गिक स्थितीत अशा झऱ्यांत नायट्रेट लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा कमी. राज्याने ठरवलेली मर्यादा ०.३५. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये ते एकच्या वर गेलेलं आहे. शेतांची आणि हिरवळीची खतं, घरांच्या सेप्टिक टाक्या, गुरांचं शेण. तळावर शेवाळाचा तपकिरी थर दिसतो, काचेतून. पाणी अजून नितळ आहे. बिघाड तळाशी आहे. आणि प्रवाह, ज्याचा जुना आकडा लक्षात ठेवायला सांगितलं होतं, तो तीसच्या दशकापासून जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. कारणांवर वाद आहे. जल व्यवस्थापन खात्याचे लोक कमी पाऊस आणि नदीत वाढलेल्या वनस्पतींच्या अडथळ्याकडे बोट दाखवतात, झऱ्याच्या बाजूने बोलणारे उपशाकडे. २०१२ च्या सुमारास जवळच्याच एका मोठ्या गुरांच्या फार्मने दिवसाला १ कोटी ३० लाख गॅलन पाणी उपसायची परवानगी मागितली, तेव्हा हा वाद रस्त्यावर आला. मागणी पुढे बरीच कमी करावी लागली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये राज्याने झऱ्यावरची जुनी करमणूक-बाग ताब्यात घेतली आणि खालच्या नदी-उद्यानाला जोडून एकच उद्यान केलं. पिंजऱ्यातले प्राणी, पाळणे वगैरे गेलं. हे चांगलं झालं. पण आकडे बघा. उद्यान आहे पाचेक हजार एकरांचं, म्हणजे आठेक चौरस मैल. झऱ्याला पाणी येतं ते हजार चौरस मैलांच्या आसपासच्या प्रदेशातून. त्यात ओकाला शहर आहे, घोड्यांचे फार्म आहेत, गोल्फची मैदानं, वसाहती. तिथे आज अंगणात टाकलेलं खत झऱ्यावर कधी उगवेल? काही वर्षांनी, काही वाटांनी काही दशकांनी. म्हणजे आज जे नायट्रेट मोजतात, त्यातलं बरंचसं मागच्या पिढीने टाकलेलं आहे, आणि आज सगळं थांबवलं तरी ते येतच राहणार. उद्यानाच्या फाटकावर रखवालदार असतो. झऱ्याचं खरं फाटक दहा-वीस मैलांवर कुणाच्या तरी परसात आहे आणि तिथे कुणी नसतं.

जाणार असाल तर एवढं सांगतो: मुख्य झऱ्यात पोहू देत नाहीत, कयाक वल्हवता येते. सकाळी लवकर जा. होडीच्या कप्तानाला पॅरडाइज पार्क कुठे होतं ते विचारा. आणि रॉडमनकडे जायचं असेल तर साल बघून जा. तीन-चार वर्षांनी एकदा हिवाळ्यात जलाशयाचं पाणी मुद्दाम उतरवतात, तण मारायला. तेव्हा काही महिने जुनी नदी आपल्या पात्रात दिसते, साठीत कापलेल्या झाडांचे बुंधे वर येतात, आणि बुडालेले ते झरे परत वाहताना दिसतात. त्या महिन्यांत तिथे होड्या घेऊन बरेच लोक येतात. वसंतात दरवाजे बंद करतात.

वेळ संपत आला आहे. माकडांबद्दल प्रश्न येणार हे दिसतंच आहे, पण आधी पाण्याबद्दलचे घेऊ.